कानाची साक्ष

फोंड्यातील आमच्या एका स्नेह्यांकडे रविवारी सायंकाळी गाणे ऐकावयास जमण्याचा परिपाठ गेली कित्येक वर्षे चालू आहे. बँकेतील नोकरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, एरव्ही मोठे काटकसरी. छत्रीची काडी मोडली तर तीही दुरुस्त करून वापरतील. परंतु गाण्याच्या यंत्रांपुढे त्यांचा हात आखडत नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांनी परदेशाहून एक फ्यूज मागविला. फ्यूज म्हणजे तोच, काचेच्या बोटभरही नसलेल्या नळीतील बारीक तार, जी विजेच्या सामानाच्या दुकानात दहा-वीस रुपयांस मिळते. या फ्यूजास मात्र जकातीसह अठरा हजार रुपये पडले. त्याची नळी चिनी मातीची होती, टोपणांवर सोन्याचा मुलामा होता, आणि वीज कोणत्या दिशेने वाहू द्यावी हे दाखविणारा एक बाणही त्यावर काढलेला होता.

तो फ्यूज ॲम्प्लिफायरात बसवून अण्णांनी तबकडी लावली, डोळे मिटले, आणि काही वेळाने माझ्याकडे वळून विचारले, "काय, पडदा दूर झाल्यासारखे वाटते ना?" मी म्हणालो, "हो, वाटते खरे."

घरी परतताना हे तीन शब्द माझ्या मनातून जाईनात. मी खोटे बोललो होतो काय? जाणूनबुजून असत्य बोललो असतो तर प्रश्न सोपा होता. यजमानाचे मन राखण्यासाठी केलेल्या अशा लहानशा असत्याचा हिशेब आपण सारेच मनातल्या मनात चुकता करीत असतो. परंतु माझी अडचण निराळी होती. त्यांनी विचारले त्या क्षणी मला खरोखरच काहीतरी अधिक मोकळे, अधिक स्वच्छ ऐकू आल्यासारखे वाटले होते. ते मला ऐकू आले, की त्यांच्या चेहऱ्यावरील आनंद मी माझ्या कानाच्या खात्यावर जमा केला, हे मला सांगता येईना. जो मनुष्य आपण खरे बोललो की खोटे हेच सांगू शकत नाही, त्याने सत्याविषयी काय बोलावे? पुढचे विवेचन या अस्वस्थतेतून जन्मले आहे. एका तारेच्या तुकड्यासाठी एवढी शाई खर्चावी काय, असे कोणास वाटेल. त्यांनी हे पान उलटावे.

प्रथम वस्तूचा विचार करू. फ्यूजाचे काम ध्वनी सुधारण्याचे नव्हेच. प्रवाह ठरल्या मर्यादेपेक्षा वाढला तर स्वतः वितळून जाणे आणि यंत्रास व घरास आगीपासून वाचविणे, एवढाच त्याचा धर्म. आपल्या जुन्या घरांत दाराच्या वरच्या बाजूस पांढऱ्या चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजांची फळी असे. वीज गेली की वडीलधारी माणसे बॅटरीच्या उजेडात तिथे नवी तार गुंडाळीत बसत. तार वारंवार जळते म्हणून तांब्याची जाड तार गुंडाळून ठेवणारे महाभागही तेव्हा होते, आणि त्यापायी कुणाकुणाच्या घरातील वायरिंग भिंतीत जळाले, हे आमच्या पिढीने पाहिले आहे.

घरातील ॲम्प्लिफायरात हा फ्यूज बहुधा वीज आत येते त्या तोंडाशीच असतो. तेथून ती ट्रान्स्फॉर्मरमध्ये जाते, डायोडांतून जाऊन एकदिश होते, मोठ्या कपॅसिटरांत साठते, आणि गाण्याच्या चढउतारांप्रमाणे स्पीकरकडे जाते ती या साठ्यातून. फ्यूजाचा रोध काही शतांश ओहम इतका असतो. अर्धा अँपिअर प्रवाह वाहत असेल तर त्यात जो दाब खर्ची पडेल तो 230 व्होल्टांच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. शेजाऱ्याच्या विहिरीवरचा पंप सुरू झाला की आपल्या घरातील दाब काही व्होल्टांनी खाली येतो. त्या मानाने हे म्हणजे पुराच्या पाण्यात तांब्याभर पाणी ओतल्यासारखे. शिवाय विजेच्या खांबापासून, किंबहुना उपकेंद्रापासून मैलोगणती ॲल्युमिनियमच्या तारांतून आलेला प्रवाह शेवटच्या वीस मिलिमीटरांत सोन्याचांदीच्या स्पर्शाने शुद्ध व्हावा, ही अपेक्षा मोठी आहे. चांदी ही तांब्यापेक्षा वीज अधिक सुलभतेने वाहू देते हे खरे, पण ते सुमारे सहा टक्क्यांनी. आणि त्या बाणाचे काय म्हणावे? आपल्या घरातील वीज सेकंदास 50 आवर्तने करते, म्हणजे शंभर वेळा दिशा पालटते. बाण कोणत्याही बाजूस दाखवा, निम्मा वेळ तो चुकीचाच ठरणार.

परंतु या विषयात उपहास सोपा असतो, आणि सोप्या उपहासाने पुष्कळदा आपणच फसतो. फ्यूज कधीच, कुठेच ध्वनीत फरक पाडू शकत नाही, हे विधानही खरे नाही. काही यंत्रांत फ्यूज स्पीकरकडे जाणाऱ्या तारेतच असतो. तेथे गाण्याचा प्रवाहच त्यातून वाहतो. खर्जातील एकेका संथ आवर्तनात ती बारीक तार तापते नि निवते, तिचा रोध त्याबरोबर कमीअधिक होतो, आणि ध्वनीत विकृती येते. ॲम्प्लिफायरांच्या रचनेवर ग्रंथ लिहिणारे डग्लस सेल्फ यांनी ही विकृती मोजून दाखविली आहे. स्वर जितका खालचा तितकी ती वाढते. दुसरे असे की जुना फ्यूज वर्षानुवर्षे एकाच जागी बसलेला असला, विशेषतः आमच्या दमट हवेत, तर त्याच्या टोपणांवर व पकडीवर ऑक्साइडचा थर चढतो. तो काढून नवा बसविला की घासल्याने तो थर निघतो आणि संपर्क सुधारतो. तेव्हा नव्या फ्यूजाने काही सुधारले असे वाटणारा प्रत्येक मनुष्य स्वप्नातच आहे असे नाही. मात्र ही सुधारणा दहा रुपयांच्या फ्यूजानेही होईल, किंबहुना जुनाच फ्यूज काढून पुसून पुन्हा बसविल्यानेही होईल. अण्णांच्या यंत्रात फ्यूज स्पीकरच्या वाटेवर नव्हता. तो मागच्या बाजूस, विजेच्या तोंडाशीच होता.

वस्तूचा विचार इथे संपतो आणि साक्षीचा सुरू होतो. अण्णांचे म्हणणे सरळ होते: तुमचे गणित तुमच्यापाशी, मला ऐकू येते. प्रत्यक्षापुढे अनुमान कशाला? आमच्या परंपरेत वाढलेल्या माणसास हा युक्तिवाद भारदस्त वाटतो, कारण प्रमाणांत प्रत्यक्ष हे पहिले. पण न्यायसूत्रकार गौतमांनी प्रत्यक्षाची व्याख्या करताना इंद्रिय आणि अर्थ यांचा संबंध एवढ्यावर भागविलेले नाही. ते ज्ञान अव्यभिचारी असावे, म्हणजे वस्तूला सोडून भलतीकडे न जाणारे असावे, अशी अट त्यांनी घातली. आणि आणखी एक अट आहे, ती मला या प्रसंगी फार मोलाची वाटते: ते अव्यपदेश्य असावे. या शब्दाच्या अर्थाविषयी भाष्यकारांत मतभेद आहेत. परंतु वात्स्यायनांच्या भाष्यातून जो अर्थ निघतो तो असा, की ते ज्ञान वस्तूच्या नावावर अवलंबून नसावे. नाव कळण्यापूर्वीही जे इंद्रियाला गवसते ते प्रत्यक्ष. अठरा हजारांचा फ्यूज बसविला आहे हे ठाऊक असताना जे ऐकू येते, त्यात कानाचे किती आणि नावाचे किती? नाव काढून घेतल्यावर जे उरेल तेवढेच कानाचे म्हणावयाचे.

नाव काढून घेण्याची ही युक्ती पाश्चात्त्य शास्त्रात डोळे बांधून केलेली परीक्षा म्हणून प्रसिद्ध आहे. 1784 मध्ये फ्रान्सच्या राजाने मेस्मरच्या 'प्राणिज चुंबकत्वा'ची चौकशी करण्यास मंडळ नेमले. विजेचा अभ्यासक बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनज्ञ लाव्हाझिए हे त्याचे सभासद होते. डोळे बांधलेल्या रोग्यांना चुंबकत्व दिले जात आहे असे नुसते सांगितले की ते थरथरत, आणि न सांगता दिले तर काहीच होत नसे. ध्वनीच्या क्षेत्रात, दोन ध्वनी ऐकवून तिसरा त्यांपैकी कोणता हे ओळखावयास लावण्याची पद्धत बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि गार्डनर यांनी 1950 मध्ये मांडली. घरगुती संगीतयंत्रांच्या व्यापाराने मात्र तिच्याकडे बहुतांशी पाठ फिरविली. 1962 मध्ये 'स्टीरिओफाइल' हे मासिक काढून कानाने ऐकून यंत्रे पारखण्याची प्रथा ज्यांनी रूढ केली, ते गॉर्डन होल्ट यांनीच उतारवयात, 2007 साली, असली प्रामाणिक परीक्षा नाकारून या व्यवसायाने आपली पत घालविली, अशी खंत बोलून दाखविली होती.

पण मला स्वतःला ज्याने अधिक विचारात पाडले तो एक घोडा. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त गणितशिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरे खुराच्या टापांनी देई. 1904 मध्ये विद्वानांच्या मंडळाने पाहणी केली. मंडळाचे प्रमुख कार्ल श्टुम्फ, ज्यांचा मोठा ग्रंथ स्वरांच्या मानसशास्त्रावरच होता. कुठेही लबाडी आढळली नाही. आणि लबाडी नव्हतीच! श्टुम्फ यांचे सहकारी ऑस्कर फुंग्स्ट यांनी पुढे बारकाईने पाहिले, तेव्हा दिसले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर घोड्यालाही ते येत नाही. टापांची संख्या उत्तराजवळ आली की प्रश्नकर्त्याची मान किंचित ताणली जाई, आणि पुरी झाली की सैल पडे. तेवढ्यावर घोडा थांबे. या हालचालीची जाणीव प्रश्नकर्त्याला नसे. फुंग्स्ट यांचे पुस्तक 1907 मध्ये निघाले. फॉन ऑस्टेन यांना ते मत कधीच पटले नाही. मला त्या वृद्ध शिक्षकाची दया येते, परंतु त्याहून अधिक मी त्या घोड्याला ओळखतो. रविवारी सायंकाळी अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहून जो थांबला, तो मीच नव्हतो काय?

तेव्हा मी अण्णांना स्पष्टच म्हणालो, की एकदा पाहू या. त्यांचा पुतण्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. तो तयार झाला. व्यवस्था अशी ठेवली: आम्ही दोघे बाहेर व्हरांड्यात बसावयाचे, पुतण्याने नाणे उडवून दोहोंपैकी एक फ्यूज निवडावयाचा, यंत्र बंद करून, वीजजोड काढून, थोडा वेळ थांबून तो बसवावयाचा, कागदावर नोंद करून कागद खिशात घालावयाचा, आणि आम्ही आत येण्यापूर्वी मागच्या दाराने परसात निघून जावयाचे. घोड्याची गोष्ट मी त्याला सांगितली होती. आवाजाची कळ तशीच ठेवावयाची, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमीच 'अधिक चांगला' वाटतो. दर वेळी हवे तितका वेळ ऐकावयाचे. तबकडी अण्णांनीच निवडली.

दोन रविवारांत दहा फेऱ्या झाल्या. अण्णांची सहा उत्तरे बरोबर आली, माझी चार. सहा ऐकून त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. पण पुतण्याने गणित मांडले. नुसते नाणे उडवूनही दहापैकी सहा किंवा अधिक उत्तरे शंभरात सुमारे अडतीस वेळा बरोबर येतात. नऊ आली असती तर गोष्ट वेगळी. ते योगायोगाने शंभरात एखाद्या वेळीच घडते. मी हेही नमूद करतो, की दहा फेऱ्यांनी अत्यंत सूक्ष्म फरक मुळीच नाही असे सिद्ध होत नाही. पण अण्णांचा दावा सूक्ष्म फरकाचा नव्हता. पडदा दूर झाला होता. तो फरक त्यांच्या पत्नीलाही स्वयंपाकघरातून जाणवला होता. (परदेशी ध्वनिरसिकांच्या लेखनातही ही स्वयंपाकघरातील साक्ष वारंवार आढळते, गृहिणींच्या कानांचा हा एवढा एकच उपयोग त्या शास्त्रास ठाऊक असावा.) असला पडदा दहा वेळा पडला नि उठला, आणि आम्हा दोघांपैकी कोणालाही तो दिसला नाही.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण त्या पहिल्या संध्याकाळी मला जे ऐकू आले, ते मग खोटे होते म्हणावयाचे का?"

या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आता देण्याचा प्रयत्न करतो. माझ्या मते तो आनंद खरा होता; त्याचे कारण म्हणून ज्याकडे बोट दाखविले गेले, ते खोटे होते. 2008 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वीस जणांना तीच मदिरा एकदा स्वस्त आणि एकदा महाग म्हणून पाजली. महाग म्हटलेली त्यांना अधिक रुचली एवढेच नव्हे, तर मेंदूच्या सुखाशी निगडित अशा भागाची क्रियाही तेव्हा वाढलेली दिसली. ती माणसे बढाई मारीत नव्हती. त्यांना सुख अधिक झाले होते. भ्रमाची आमच्याकडील दोन जुनी उदाहरणे इथे वेगळी करून पाहावीत. दोरीवर भासलेला सर्प दिवा आणताच नाहीसा होतो. परंतु कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो, तो शंख पांढरा आहे हे पुरते ठाऊक असूनही पिवळाच दिसत राहतो. अण्णांना त्या संध्याकाळी जे झाले ते मला दुसऱ्या जातीचे वाटते. अशा मनुष्याला 'तुला पिवळे दिसत नाही' असे म्हणणे हा अन्याय होय. 'शंख पिवळा नाही' एवढेच म्हणता येते.

मग ज्याला सुख होते आहे त्याला हे सांगावेच का? हाच खरा नैतिक प्रश्न, आणि मी तो बरेच दिवस उलटसुलट करून पाहिला. एक विचारी वाचक मला विचारील, की देवळात तीर्थ घेऊन ज्याला समाधान लाभते त्याच्या समाधानाचीही तुम्ही नाणे उडवून परीक्षा घेणार काय? नाही. तीर्थ घेणारा मनुष्य त्या पाण्याचा विद्युतरोध कमी झाल्याचे सांगत नाही. त्याचे समाधान ज्या भूमीवर उभे आहे तेथे ओहम आणि अँपिअर यांना प्रवेशच नाही. फ्यूज विकणारा मात्र तारेविषयी बोलतो, धातूविषयी बोलतो, विजेच्या दिशेविषयी बोलतो, आणि त्याचे दाम घेतो. जो दावा पदार्थाविषयी आहे, त्याला पदार्थाच्याच कसोटीवर उतरले पाहिजे. श्रद्धेचे कवच त्याला उसने देता येणार नाही. तसे देण्यात श्रद्धेचाच अवमान आहे.

विकणारा लबाडच असेल असेही मी म्हणत नाही. त्यालाही ऐकू येत असेल. फॉन ऑस्टेनइतकाच तोही सरळ असेल. परंतु दहा-वीस रुपयांच्या वस्तूस जो अठरा हजार मागतो, त्याने परीक्षा घेऊन पाहण्याचे श्रमही घेतले पाहिजेत. ते न घेणे हा अज्ञानाचा नव्हे, आळसाचा दोष होय, आणि ज्या आळसापासून नफा होतो तो निव्वळ आळस उरत नाही. आणखी एक गोष्ट, जी केवळ पैशाची नाही. महागडा फ्यूज जळाला तर जीव हळहळतो. म्हणून काही जण यंत्रावर लिहिलेल्या आकड्याहून मोठ्या आकड्याचा फ्यूज बसवितात. ही ती किटकॅटवरची जाड तारच, सोन्याचा मुलामा दिलेली. अण्णांच्या ॲम्प्लिफायरावर 3 अँपिअर असे लिहिले होते. आलेला फ्यूज, मी भिंग लावून पाहिले, 5 चा होता. हे कळल्यावर मी बोललो ते योग्यच केले, एवढी माझी खात्री पटली.

आमच्या परीक्षेनंतरच्या रविवारी अण्णांनी केसरबाई केरकरांची भैरवी लावली. 1892 मध्ये आमच्याच तालुक्यातील केरी गावी जन्मलेल्या या गायिकेचा 'जात कहाँ हो' हा साडेतीन मिनिटांचा ध्वनिलेख 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत घालून अंतराळात धाडला गेला. तो जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या काळातील. खरखर आहे, वरचे स्वर बोथट आहेत, खर्ज जवळजवळ नाहीच. दुसऱ्या आलापाशी येता येता आम्ही ती खरखर विसरलो होतो.

गाणे संपल्यावर मी अण्णांना माझ्या त्या पहिल्या 'हो'विषयी सांगितले. की मला खात्री नव्हती, आणि तरी मी हो म्हणालो. ते तबकडी पाकिटात घालीत म्हणाले, "ते मला तेव्हाच कळले होते. पण मला त्या वेळी तुमचे हो पाहिजे होते."

यंत्रात सध्या 3 अँपिअरचा साधा फ्यूज आहे. दुसरा त्यांनी त्याच्या मखमली डबीसह कपाटात ठेवला आहे. परत घेत नाहीत म्हणे.